घरच्या घरी आकाशकंदील: सांगाडा तिरका का होतो आणि तो सरळ कसा करायचा?

दिवाळी आठवड्यावर आली की मोबाइलवर आकाशकंदिलांचे व्हिडिओ सुरू होतात. चाळीस सेकंदांत काड्या जुळतात, कागद चिकटतो, झिरमिळ्या लटकतात आणि शेवटी बटण दाबलं की कंदील उजळतो. पाहणाऱ्याला वाटतं, एवढंच तर आहे! मग बांबूच्या काड्या येतात, पतंगी कागद येतो, घरातली मुलं कात्री घेऊन बसतात. दोन तासांनी जमिनीवर पिरगळलेला सांगाडा पडलेला असतो. एक बाजू वर, एक बाजू खाली, कागदाला सुरकुत्या आणि खळीने बरबटलेले हात. शेवटी वसुबारसेच्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे, बाजारातून तयारच आणू."

दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. व्हिडिओत न दाखवलेल्या दोन-तीन गोष्टींमुळे कंदील बिघडतो: काड्यांचं माप, बांधण्याचा क्रम आणि कागदाचं खरं काम. कागद फक्त शोभेसाठी लावतात असा समज असतो, पण पारंपरिक कंदिलात सांगाड्याला ताठ ठेवण्याचं कामही कागदच करतो. हे एकदा समजलं की कंदील घरी करणं खरंच सोपं आहे.

आकाशकंदील आला कुठून?

कार्तिक महिन्यात उंच जागी दिवा लावण्याची प्रथा जुनी आहे. त्या दिव्याला आकाशदीप म्हणतात. काशीच्या घाटांवर आजही कार्तिकात उंच बांबूंच्या टोकाला विणलेल्या टोपल्या बांधून त्यांत दिवे ठेवले जातात. पूर्वजांना वाट दिसावी, अशी त्यामागची श्रद्धा. महाराष्ट्रात आणि गोव्यात दिवाळीत दारावर, गच्चीवर, गॅलरीत लागणारा कागदी आकाशकंदील हा याच कल्पनेचा घरगुती अवतार मानला जातो. उघड्यावरचा दिवा वाऱ्याने विझतो, म्हणून त्याच्याभोवती आडोसा हवा. पण आडोशातून प्रकाश बाहेरही पडायला हवा. पातळ कागद या दोन्ही गोष्टी करतो.

मुंबईत माहीमची कंदील गल्ली दिवाळीच्या आधी कंदिलांनी भरून जाते. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे कागद आणि गवताचे नरकासुर जाळले जातात आणि त्याच दिवसांत ठिकठिकाणी आकाशकंदिलांच्या स्पर्धा भरतात. पुण्यात बांबूच्या वस्तूंसाठी बुरूड आळी प्रसिद्ध आहे. कंदिलाला लागणाऱ्या काड्या, म्हणजे कामट्या, अशा बुरूड कारागिरांकडेच चांगल्या मिळतात.

चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही

चार सारख्या काड्यांचा चौकोन कोपऱ्यात दोऱ्याने बांधा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. चौकोन लगेच तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण बांधून तसंच दाबा. त्रिकोण जागचा हलत नाही, कारण काडीची लांबी बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलू शकत नाही. लोखंडी पूल, छपराच्या कैच्या आणि विजेचे मनोरे यांत जिथे तिथे त्रिकोण दिसतात, ते याच कारणाने.

पारंपरिक कंदिलात दोन्ही आकार असतात. चार चौकोन पतंगासारखे टोकावर उभे असतात आणि त्यांची कोपऱ्याला कोपरा लावून गोल साखळी केलेली असते. वर एक आडवा चौकोन आणि खाली एक. या सगळ्यांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. म्हणजे एकूण ६ चौकोन, ८ त्रिकोण, १२ कोपरे आणि २४ काड्या.

या आकाराची गंमत म्हणजे चोवीसही काड्या एकाच लांबीच्या लागतात. वेगवेगळी मापं लक्षात ठेवावी लागत नाहीत. अडचणही इथेच आहे. त्रिकोण घट्ट असले तरी सहा चौकोन मोकळे असतात. नुसता सांगाडा हातात धरून वरून दाबला तर वरचा चौकोन फिरतो आणि सगळा सांगाडा पिरगळत खाली बसतो. बहुतेक लोक इथेच घाबरतात आणि गाठी चुकल्या असं समजून त्या पुन्हा सोडतात. गाठी बरोबरच असतात. चौकोनांना आडवं-उभं धरणारं काहीतरी अजून लागलेलं नसतं, एवढंच.

ते काम तीन गोष्टी करतात: वरच्या-खालच्या चौकोनात बांधलेल्या तिरक्या काड्या, बाजूच्या चौकोनांत ताणलेला दोरा आणि शेवटी ताणून चिकटवलेला कागद. कागद ढकलला तर वाकतो, पण ओढला तर सहज फाटत नाही. चौकोन तिरका होऊ लागला की त्याचा एक कर्ण लांब होऊ पाहतो. चारही कडांना चिकटलेला कागद त्या कर्णाला लांब होऊ देत नाही. म्हणून कागद लावल्यावर तोच डळमळता सांगाडा अचानक ताठ होतो.

साहित्य काय लागेल?

मध्यम आकाराच्या कंदिलासाठी इतकं पुरेसं आहे:

- बांबूच्या २४ कामट्या, प्रत्येकी २२ सेंमी
- तिरक्या आधारासाठी २ कामट्या, प्रत्येकी ३० सेंमी
- जाड सुती दोरा
- पतंगी कागद: चौकोनांसाठी एका रंगाचे दोन ताव, त्रिकोणांसाठी दुसऱ्या रंगाचे दोन ताव, झिरमिळ्यांसाठी एक-दोन ताव
- मैद्याची खळ
- कात्री, पट्टी, पेन्सिल, छोटा ब्रश
- टांगण्यासाठी सुतळी
- कमी वॅटचा एलईडी दिवा आणि होल्डर

काड्या २२ सेंमीच्या घ्यायच्या, पण दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलीने खूण करायची. गाठ त्या खुणेवर बसली पाहिजे. म्हणजे दोन गाठींमधलं अंतर सगळीकडे २० सेंमी राहील. हे माप पाळलं तर कंदील साधारण २८ सेंमी उंच आणि मधोमध ४० सेंमी रुंद होतो. लहान-मोठा करायचा असेल तर हिशोब सोपा आहे. दोन गाठींमधल्या अंतराच्या साधारण १.४ पट उंची आणि दुप्पट रुंदी. लहान गॅलरीसाठी गाठींमधलं अंतर १२ सेंमी ठेवलं तर १७ सेंमी उंच आणि २४ सेंमी रुंद कंदील होईल.

बांबूची कामटी नसेल तर? खराट्याचे, म्हणजे नारळाच्या झावळीचे हीर छोट्या कंदिलाला चालतात. वर्तमानपत्राची नळीही चालते. अर्धं पान एका कोपऱ्यापासून विणकामाच्या सुईवर तिरकं गुंडाळायचं, शेवटचं टोक चिकटवायचं आणि सुई काढून घ्यायची. वाळल्यावर ही नळी आश्चर्य वाटावं इतकी ताठ होते.

बांबूच्या काड्या मुलांच्या हातात देण्याआधी त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. बोटात कूस गेली की मुलांचा सगळा उत्साह तिथेच संपतो.

खळ कशी करायची?

दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. त्यात एक कप पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. मिश्रण पांढरं असतं तोवर कच्चं असतं. ते थोडं पारदर्शक आणि चकचकीत दिसू लागलं की खळ झाली. गार झाल्यावर ती ब्रशवरून सलग ओघळता कामा नये आणि गोळा होऊनही बसता कामा नये.

पूर्वी खळीत किडे-झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर ते घालू नये. खळ रोज थोडी करावी, किंवा फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी. पाणचट खळ हे सुरकुत्यांचं मोठं कारण आहे. पतंगी कागद पातळ असतो. जास्त पाणी लागलं की तो फुगतो, फाटतो आणि त्याचा रंगही उतरतो.

सांगाडा बांधताना क्रम महत्त्वाचा

पहिली पायरी: चार चौकोन सुटे बांधून घ्या. प्रत्येक कोपऱ्यात काड्या एकमेकींवर आडव्या ठेवून दोऱ्याचा फुलीसारखा वेढा द्या आणि गाठ मारा. यात १६ काड्या संपतात.

दुसरी पायरी: प्रत्येक चौकोन टोकावर उभा धरा. एकाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला बांधा. चौथ्याचा कोपरा पहिल्याला बांधला की साखळी पूर्ण होते. हे काम एकट्याने होत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं.

तिसरी पायरी: वर आलेली चार टोकं चार काड्यांनी जोडा, म्हणजे वरचा चौकोन झाला. खालची चार टोकंही तशीच जोडा. उरलेल्या ८ काड्या इथे लागतात.

आता तपासणी. प्रत्येक कोपऱ्यात बरोबर चार काड्यांची टोकं आली पाहिजेत. कुठे तीन किंवा पाच दिसली तर काडी चुकीच्या जागी बांधली गेली आहे. बाराही कोपरे मोजा. एका मिनिटाचं काम आहे, पण पुढचा तासभराचा त्रास वाचतो.

चौथी पायरी: वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ३० सेंमीची कामटी बांधा. खालच्या चौकोनातही एक बांधा. गाठींमधलं अंतर २८ सेंमी आणि थोडं वर, म्हणजे २८.३ सेंमी असायला हवं. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही.

पाचवी पायरी, जी व्हिडिओत बहुतेक वेळा नसते: बाजूच्या चारही चौकोनांत दोरा ताणा. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एक आणि डाव्या कोपऱ्यापासून उजव्यापर्यंत एक. दोन्ही दोरे सारख्याच लांबीचे, साधारण २८ सेंमीचे. कुठल्याही चारसमान बाजूंच्या आकृतीचे दोन्ही कर्ण सारखे असले की ती चौरस असते, तिरकी नसते. त्यामुळे वेगळा गुण्या किंवा कोनमापक लागत नाही. दोऱ्याची लांबीच ते काम करते.

सांगाडा टेबलावर ठेवून वरून पाहा. वरचा चौकोन खालच्या चौकोनाच्या बरोबर डोक्यावर दिसला की सांगाडा सरळ आहे. थोडा फिरलेला दिसला तर हाताने हलकेच परत फिरवा आणि दोरे पुन्हा ताणा. कागद लावल्यावर ही चूक दुरुस्त करता येत नाही.

कागद लावायचा कसा?

चौकोनांसाठी २३ सेंमी बाजूचे चार कागद कापा. त्रिकोणांसाठी २० सेंमी बाजूचा त्रिकोण आखून त्याच्या चहूबाजूंनी दीड सेंमी जास्त कागद ठेवा. असे आठ कापा. जास्तीचा कागद काडीवरून मागे दुमडून चिकटवायचा असतो.

खळ कागदाला लावू नका, काडीला लावा. कागद अलगद ठेवा, एका बाजूने सुरुवात करून समोरच्या बाजूकडे हलकेच ओढा आणि मग कडा दुमडा. ढोलकीच्या पानासारखा ताण नको. सुरकुती पडणार नाही एवढा पुरे. ओली कड वाळताना आणखी थोडी ताण घेतेच.

क्रम असा ठेवा: पहिला चौकोन झाला की शेजारचा नाही, समोरचा घ्या. नंतर उरलेले दोन समोरासमोरचे. गाडीचं चाक बसवताना मेकॅनिक समोरासमोरचे नट आवळतो, तशीच ही रीत. सगळे कागद एकाच बाजूने लावत गेलं तर ताण एकाच बाजूने वाढतो आणि सांगाडा तिकडे ओढला जातो. चौकोन वाळल्यावर त्रिकोण लावा. तेही समोरासमोर.

वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवायचा. वरून उष्णता बाहेर जाते, खालून हात घालून दिवा बदलता येतो.

कागद लावून झाला की कंदील रात्रभर पंख्यापासून लांब वाळू द्या. जोराच्या वाऱ्यात एक बाजू आधी वाळली तर ताण पुन्हा असमान होतो.

कोणता कागद, कोणता रंग?

पतंगी कागदातून प्रकाश आरपार जातो, पण सरळ जात नाही. कागदातल्या तंतूंवर आपटून तो सगळीकडे विखुरतो. म्हणून आतला दिवा ठिपक्यासारखा न दिसता अख्खा कंदील उजळल्यासारखा दिसतो. पारदर्शक, चकचकीत कागदात हे होत नाही. आतला दिवा आणि वायर जशीच्या तशी दिसते आणि डोळ्यांवर येते.

पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी हे रंग रात्री खुलतात. गडद निळा आणि गडद जांभळा दिवसा सुंदर दिसतात, पण रात्री बराचसा प्रकाश अडवतात. गडद रंग हवेच असतील तर ते त्रिकोणांना लावा आणि मोठे चौकोन फिकट ठेवा. खरेदी करतानाच ताव उजेडासमोर धरून पाहावा. कागदाचा थर दुहेरी करू नये.

चकचकीत कागदाला दुकानात जिलेटीन कागद म्हणतात. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून बनतो, पण त्या नावाखाली अनेकदा साधं प्लॅस्टिक विकलं जातं. थर्माकोलबद्दल तर नियमच आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवरील बंदीतही सजावटीच्या थर्माकोलचा समावेश आहे. बांबू, कागद, सुती दोरा आणि मैदा यांच्या कंदिलाबाबत हा प्रश्नच उरत नाही.

दिवा: इथे तडजोड नको

कागदी कंदिलात खरा धोका दिव्याचा असतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा ९० टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो. ६० वॅटच्या बल्बची काच इतकी तापते की हात लावता येत नाही. वाऱ्याने कंदील हलला, कागद बल्बला टेकला आणि तसाच राहिला, तर तो आधी तपकिरी होतो, मग धुमसतो. म्हणून कागदी कंदिलात पिवळा बल्ब नको आणि पणती किंवा मेणबत्ती तर नकोच नको.

५ वॅटचा एलईडी दिवा घरगुती कंदिलाला पुरतो. वर दिलेल्या मापाच्या कंदिलात दिव्याचा मध्य बरोबर कंदिलाच्या मध्यावर आला, तर तो बाजूच्या चारही चौकोनांपासून साधारण १४ सेंमी लांब राहतो. होल्डरची वायर वरच्या तिरक्या कामटीला घट्ट बांधली की दिवा मध्यावरून हलत नाही.

आणखी चार गोष्टी पाळाव्यात:

- कंदील वायरवर टांगू नये. वरच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून ती वर एकत्र आणावी आणि सगळं वजन तिच्यावर द्यावं. वायर सैलच असावी.
- वायरला मधे जोड असेल तर त्यावर इन्सुलेशन टेप नीट गुंडाळलेली हवी. शक्य असल्यास जोड नसलेली वायर घ्यावी.
- दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर परतीचा पाऊस गाठू शकतो. कंदील छज्जाखाली किंवा गॅलरीच्या आत टांगावा. भिजला तर आधी बटण बंद, मग पिन काढायची आणि त्यानंतरच कंदिलाला हात लावायचा.
- झोपताना आणि घराबाहेर पडताना दिवा बंद करावा.

झिरमिळ्या आणि करंज्या

सजावट शेवटी. पतंगी कागदाच्या ५० सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद पट्ट्या कापून खालच्या चौकोनाला लावल्या की झिरमिळ्या झाल्या. पट्ट्या एकेक कापण्यापेक्षा ताव चार-पाच वेळा दुमडून एका टोकाला दोन बोटं जागा सोडावी आणि उरलेल्या भागात कात्रीने चिरा द्याव्यात. मग तो अख्खा पट्टा एकदम चिकटवता येतो. झिरमिळ्या फार लांब केल्या तर वाऱ्यात एकमेकींत आणि वायरमध्ये अडकतात.

कोपऱ्यांतल्या गाठी दिसू नयेत म्हणून तिथे कागदाच्या करंज्या किंवा गोल फुलं लावतात. सोनेरी कागदाची पट्टी काड्यांवर चिकटवली की कडा उठून दिसतात. मात्र जड टिकल्या, मणी किंवा जाड लेस पातळ कागदाला पेलत नाहीत. लावायच्याच असतील तर काडीवर लावाव्यात.

लहान मुलांसाठी सोपा प्रकार

पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगाडा जमणार नाही. त्यांच्यासाठी शाळेत शिकवतात तो कंदील बरा. ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद घोटीव कागद लांबीत मधोमध दुमडा. दुमडलेल्या कडेकडून उघड्या कडेकडे दीड-दीड सेंमीवर चिरा द्या, पण उघड्या कडेला २ सेंमी जागा सोडा. कागद उलगडून गोल वळवा आणि कडा चिकटवा.

हा कंदील नेहमी चपटा आणि मरगळलेला का दिसतो? कारण आतली नळी विसरली जाते. पिवळ्या कागदाची १७ सेंमी उंच नळी करून ती आत बसवा आणि बाहेरचा २० सेंमीचा कागद तिच्या वरच्या-खालच्या कडांना चिकटवा. बाहेरच्या कागदाची ३ सेंमी जास्तीची उंची कुठेतरी जायलाच हवी, म्हणून पट्ट्या बाहेर फुगतात. या कंदिलात विजेचा दिवा लावू नये. तो शोभेसाठीच ठेवावा.

तीच युक्ती, नाताळची चांदणी

वसईत आणि गोव्यात नाताळला घरोघरी चांदणी लागते. दिवाळीत हात बसला असेल तर डिसेंबरमध्ये तीही घरी करता येते. ४५ सेंमीच्या १० कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन सपाट चांदण्या करा. प्रत्येक कामटीवर एका टोकापासून १७ सेंमीवर आणि २८ सेंमीवर खूण करा. कामट्या एकमेकींना बरोबर याच खुणांवर ओलांडतात. खुणा जुळल्या की चांदणीचे पाचही हात आपोआप सारखे होतात.

दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधा. मग आतल्या पाच फुल्यांच्या जागी, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मधे, ८ ते १० सेंमीच्या पाच छोट्या काड्या उभ्या अडकवून बांधा. त्या दोन्ही चांदण्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात आणि सपाट चांदणीला पोट येतं. या सांगाड्यात त्रिकोण जास्त असल्याने तो कंदिलाइतका डळमळत नाही. पुढून आणि मागून चांदणीच्या आकाराचा कागद लावा आणि बाजूंच्या अरुंद फटींत दहा त्रिकोणी पट्ट्या. एक पट्टी फक्त एका कडेने चिकटवा, म्हणजे दिवा आत घालता येईल. दिव्याचे नियम तेच.

तुळशीच्या लग्नानंतर

बऱ्याच घरी तुळशीचं लग्न लागेपर्यंत कंदील असतो. नंतर तो उतरवला की थेट कचऱ्यात टाकायचं कारण नाही. कागद ओल्या फडक्याने कडेकडेने भिजवला की खळ सुटते. मैद्याची खळ आणि बांबू यांचा हा मोठा फायदा. कागद निघाला की सांगाडा पुसून, कोरडा करून माळ्यावर ठेवायचा. पुढच्या वर्षी सैल झालेल्या दोन-चार गाठी आवळायच्या आणि फक्त नवा कागद लावायचा. पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी लागल्या असतील, तर दुसऱ्या वर्षी एक पुरते.

कागदाच्या तुकड्यांचंही काम असतं. उरलेल्या त्रिकोणी कापांना मागून दोरा चिकटवला की दाराचं तोरण होतं. लहान चौकोन चार वेळा दुमडून कडेला नक्षी कापली की फराळाच्या ताटाखाली ठेवायला कागदी जाळी होते.

वेळच नसेल तर विकत घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त घेताना बांबू आणि कागदाचा, हाताने केलेला कंदील पाहावा. तो करणाऱ्यांची वर्षाची कमाई या थोड्याच दिवसांत होते. घरी करायचा असेल, तर काड्या आणि कागद वसुबारसेच्या आदल्या शनिवार-रविवारीच आणून ठेवावेत. पहिल्या संध्याकाळी सांगाडा, दुसऱ्या संध्याकाळी कागद. मधली रात्र वाळण्यासाठी लागतेच, आणि व्हिडिओत न दिसणारा सगळ्यात मोठा भाग तोच आहे.